तंबाखूत होते

भर दुपारी, डोक्याला ओढणी गुंडाळून, बेळगावच्या खडेबाजारात कॅमेऱ्याचा स्टँड मांडून उभी असलेली बाई म्हणजे एकतर सर्व्हेवाली, नाहीतर डोकं फिरलेली. दुकानदारांनी मला कधी पहिल्यात धरलं, कधी दुसऱ्यात. सर्व्हेवाली वाटले की चौकशा सुरू व्हायच्या. रस्ता रुंद होणार काय, कुठल्या बाजूचं जाणार, आमची पायरी राहते की जाते. डोकं फिरलेली वाटले की चहा यायचा. त्यामुळे मी कुणाचाच गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडले नाही.

दुपारचीच वेळ का, तर मी काढते ते फोटो इन्फ्रारेडचे. डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचे. त्यासाठी एका जुन्या कॅमेऱ्याच्या आतली काच काढून दुसरी बसवून घेतली होती. एकदा ती बसली की तो कॅमेरा साध्या फोटोला कायमचा मुकतो. मग झाडाची पानं पांढरी येतात, आकाश काळं येतं आणि जुना दगड असा उठतो की कालच घडवलाय. इतर फोटोवाले सकाळ-संध्याकाळच्या कोवळ्या उन्हामागं धावतात. मला लागतं ते टाळक्यात जाणारं ऊन, ज्या वेळी ते लोक घरी जेवून आडवे झालेले असतात.

पोटापाण्याला मी आर्किटेक्टच्या ऑफिसात आहे. अनगोळ-वडगावकडच्या लोकांच्या बंगल्यांचे नकाशे काढते, स्वयंपाकघर आग्नेयेला बसवते आणि नाही बसलं तर शिव्या खाते. रविवार मात्र माझा. गेली काही वर्षं बेळगावातल्या जुन्या इमारतींचा मी नाद धरला होता. कॅम्पातले बंगले, बाजारातल्या लाकडी गॅलऱ्या, शाळा, दवाखाने.

या कामात खरी अक्कल लागते ती उभं कुठं राहायचं हे ठरवायला. लोक रस्त्यावरनं कॅमेरा वर करतात आणि इमारत मागं कलंडल्यासारखी येते. मी समोरच्या घराची माडी गाठते. त्यासाठी ओळखपाळख नसलेल्या लोकांच्या घरात शिरावं लागतं, त्यात मला लाज नाही. खडेबाजारातल्या एका साडीच्या दुकानदारांनी मला वर सोडताना विचारलं होतं, “आक्का, समोरचं घर बघायला माझ्या माडीवर? तिथं काय हाय बघण्यासारखं? पन्नाशी गेली माझी हितं, मी एकदा बघितलं न्हाय.” मी त्यांना फोटो दाखवला तेव्हा ते ते घर ओळखू शकले नाहीत. मला फार आनंद झाला होता. प्रत्येक इमारतीची अब्रू राखणारी एक जागा असते, ती आपल्याला बरोबर सापडते, असा माझा समज होता आणि मी तो चारचौघांत बोलूनही दाखवायची.

आई गेल्यापासून तो कॅमेरा कपाटात आहे. लोक विचारतात, फोटो बंद का. त्यांना मी वेळ नाही म्हणून सांगते.

आई निपाणीची. आमच्या गल्लीतल्या साऱ्या बायका तंबाखूत होत्या. हा शब्द निपाणीबाहेर कळत नाही, हे मला फार उशिरा समजलं. अमका बँकेत आहे, तमकी शाळेत आहे, तशी आमची आई तंबाखूत होती. सकाळी वखारीत जायचं, जमिनीवर बसायचं आणि तंबाखूचा चुरा दिवसभर चाळत राहायचं. काडी वेगळी, पान वेगळं, धूळ वेगळी. पदर नाकातोंडावर आवळून बांधायचा. तरी थुंकी तपकिरी, शिंक तपकिरी आणि धुतलेल्या लुगड्याचं पाणीही तपकिरी. निघताना मागच्या दाराला झडती. आई घरी आली की आधी तिचा वास यायचा, मग ती. सगळ्यांच्या आयांना तसाच वास असतो असं मला वाटायचं.

आणि या बाईनं आयुष्यात चिमूटभर तंबाखू तोंडात घातली नाही. विहारात शील घेताना नशापाणी करणार नाही म्हणून सगळेच म्हणतात आणि बाहेर आल्यावर निम्मे हात खिशाकडं जातात. आईनं ते शब्दशः पाळलं. जोडीच्या बायका दातांना मिश्री लावायच्या, ही मीठ-कोळसा लावायची. कुणी हातावर मळायला लागला की ही उठून दुसरीकडं जाऊन बसायची. दिवसभर त्यातच बसलेली असताना हा एवढा सोवळेपणा कशाला, म्हणून बायका तिची चेष्टा करायच्या. “हातात धरते ते पोटासाठी, तोंडात कशाला घालू,” एवढंच ती म्हणायची. तिच्याकडं अभिमान बाळगायला फार गोष्टी नव्हत्या. ही एक होती.

वखार बंद पडली, मी नोकरीला लागले आणि आईला अनगोळला आणलं. खोकला ती बरोबर घेऊनच आली होती. आधी पावसाळ्यात, मग बारा महिने. शेवटी जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसायला लागली, तेव्हा मी तिला एका मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होते, धारवाडकडचे, मराठी मोडकी पण स्वभाव वाईट नव्हता. खोलीत पडदा नव्हता. पुढचे चार पेशंट बाकावर बसून आमचं ऐकत होते. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली आणि विचारलं, “तंबाखू?”

“व्हय की,” आई म्हणाली. “लगीन व्हायच्या आदीपासनं तंबाकूत हुते.”

“अजून चालू आहे?”

“न्हाय. सुटून लई वर्सं झाली.”

“स्वतः सोडली?”

“मी कशाला सोडू? मालकानं बंद केली.”

“छान केलं मालकांनी,” डॉक्टर म्हणाले. आमच्याकडं नवऱ्यालाही मालकच म्हणतात, एवढी मराठी त्यांना येत होती.

आईला ते छान वाटलं नाही. “छान कसं, डाक्टर? आमची पोटं हुती त्येच्यावर.”

हे सगळं मी शेजारी उभी राहून ऐकत होते आणि मला त्यात काहीच खटकत नव्हतं. माझ्याही कानाला तंबाखूत असणं म्हणजे कामाला असणं. डॉक्टर पुढं जे बोलले तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

“तंबाकु बिडबेकु, अज्जी. सोडायला पाहिजे. पुन्हा तोंडात घालायची नाही. एवढी वर्षं खाल्ली, त्याचं हे सगळं.”

“खाल्ली?” आई म्हणाली. “कुणी खाल्ली?”

बाकावरची एक बाई, जिचे दात मिश्रीनं काळे झाले होते, कळवळून म्हणाली, “सुटत न्हाय वो मावशी. मला ठावं हाय. मलाबी सुटंना.” एवढ्या मायेनं आईचा अपमान आजवर कुणी केला नव्हता.

मी मध्ये पडले. म्हटलं, डॉक्टर, ती वखारीत कामाला होती, तंबाखू चाळायची, खात नव्हती. त्यांनी मान हलवली. “असेल, असेल. पण फुप्फुसाला काय कळतंय, खाल्ली की चाळली? औषध तेच.” आणि पुढच्या माणसाला बोलावलं. औषध तेच होतं, ही गोष्ट खरी. बाहेर पडताना नर्सनं तंबाखू कशी सोडावी याचं एक रंगीत पत्रक आईच्या हातात दिलं. त्यावर कुणाच्या तरी सडलेल्या जबड्याचा फोटो होता.

आईला मी स्कूटरवर मागं बसवून अनगोळला आणलं. घरात आल्यावर तिनं तोंडात मारायचा औषधाचा पंप फळीवर ठेवला, पत्रकाची घडी करून चुलीच्या... आता गॅसच्या शेगडीखाली सारली आणि म्हणाली, “त्याचं औषध मी मारायची न्हाय.”

मला वाटलं, दोन दिवसांचा राग. पण आईचा राग माझ्यासारखा नव्हता. मी भडकते आणि विझते. ती धुमसायची. दिवस गेले तरी पंप फळीवरच. रात्री बसून श्वास घ्यायची, पण हात फळीकडं जायचा नाही. मी ओरडले, रडले, दुसऱ्या डॉक्टरकडं जाऊ म्हटलं.

“दुसरा बी तेच इचारंल. आन मी बी तेच सांगणार. तंबाकूत हुते म्हणायचं न्हाय तर काय म्हणायचं मी? शिकवलं न्हाय कुणी मला दुसरं.”

“अगं, पण त्याच्या म्हणण्यानं काय बिघडतं? आपल्याला ठाऊक आहे ना?”

“तुला ठावं हाय. तो माझ्या छातीला नळी लावून बसलाय, त्याला नको ठावं?”

मग एका सकाळी तिनंच तोडगा काढला. मी कॅमेरा पुसत बसले होते. ती बराच वेळ बघत होती. म्हणाली, “दुनियेच्या भिंतीचं फोटू काढत्यास. माझी वखार काढून आण की. उबी हाय अजून. मी त्येच्या टेबलावर ठेवते, म्हणते, बघ बाबा, हितं बसत हुते. मग मारते तुझा पंप.”

मी त्याच रविवारी निपाणीची बस धरली. तेव्हा माझ्या मनात काळजी होती तेवढाच उत्साहही होता. ती वखार फोटोच्या दृष्टीनं मी कधी बघितलीच नव्हती.

वखार गावाच्या टोकाला आहे. काळ्या दगडाची, लांबलचक, वर कौलं. रस्त्याच्या बाजूला कमानीचं दार आणि त्यावर नक्षी. दोन बाजूंना कडुनिंब. राखणीला एक म्हातारे अण्णा होते. पूर्वी तिथंच हमाली करायचे. आईची खूण सांगितल्यावर त्यांनी कुलूप काढलं. “बघून घे. विकायचं चाललंय. कार्यालय होतंय म्हणत्यात, लग्नाचं.”

आधी मी बाहेरची बाजू घेतली. समोरच्या गिरणीच्या गच्चीवर चढले. तिथून कमान बरोबर मधोमध येत होती, दोन्ही कडुनिंब तिच्यावर चवऱ्या ढाळत होते. कॅमेऱ्यात ते पांढरेशुभ्र, वर आकाश काळं. एखाद्या संस्थानिकाचा वाडा म्हणून खपला असता. मग आत गेले. आत अंधार आणि फुटक्या कौलांतून पडलेले उन्हाचे कवडसे. मी मधल्या वाटेवर स्टँड लावला, दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा मोजून मापून सारख्या केल्या आणि शटर बराच वेळ उघडं ठेवलं. पडद्यावर जे आलं ते बघून मी अण्णांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, “देवळागत दिसतंय की गं.” मला त्याहून मोठी शाबासकी नको होती. फोनवरही दोनचार काढले, पण ते अंधारात नुसते मळकट आले. जुन्या भिंती सगळीकडं दिसतात तशा.

संध्याकाळी फोटो कॉम्प्युटरवर लावले आणि आईला खुर्ची दिली. तिनं चष्मा चढवला. बाहेरचा फोटो बघून म्हणाली, “हे मालकाचं दार. आमी ह्या दारानं कवा गेलो न्हाय.” मग आतला. ती पुढं वाकली. बोट लावून भिंतीवरनं फिरवलं.

“चुना कवा मारला?”

“चुना नाही मारला, आई.”

“मग पांढरी कशी? ही भिंत पार तपकिरी हुती. नखानं खरडली तर थर निघायचा. वाळवी लागल्यागत वर कौलापतोर चढला हुता. कुठं गेला?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पानाचा, चहाचा, तंबाखूचा तपकिरी डाग या कॅमेऱ्याला दिसत नाही. तो उजेड त्यातून आरपार जातो आणि खालचा चुना तेवढा उजळून येतो. मी स्वतः त्या भिंतीपुढं उभी होते, माझ्या डोळ्यांना ती तपकिरी दिसत होती, पण मी बघत होते कॅमेऱ्याच्या पडद्याकडं. इतक्या वर्षांची तंबाखू मी दुपारच्या एका चकरेत धुऊन टाकली होती. वर त्याला देवळाची कळा आणली होती. मला स्वतःची चीड आली आणि नेहमीप्रमाणे मी ती आईवर काढली. चढ्या आवाजात तिला किरण आणि काच समजावून सांगायला लागले.

मी थांबले तसा तिनं चष्मा काढला. मग म्हणाली, “म्हंजी डाक्टराला नुसती तंबाकू दिसली, आन तुझ्या ह्याला तेवढीच दिसली न्हाय. बरं जमलंय.”

मला हसू आलं आणि ती हसायला गेली तर खोकल्याची उबळ आली. पाठ चोळत मी पंप पुढं केला. तिनं हातानं बाजूला सारला. दम परत आल्यावर म्हणाली, “दुसरा कॅमेरा घे कुणाचा तरी. आन हुबी ऱ्हाऊ नगंस.”

“म्हणजे?”

“हे समदं तू हुबं ऱ्हाऊन काढलंयस. मुकादमागत. तो असा मधल्या वाटंनं हिंडायचा, त्याला असं दिसायचं. आमी काय हुब्या हुतो व्हय? मागच्या दारानं जा. डाव्या हाताला, कोपऱ्याच्या खांबापाशी, खाली बस मांडी घालून. दाराकडं पाठ करून. दाराकडं तोंड करून बसायला देत नव्हता, बायका बाहीर बघत्यात म्हणायचा. म्होरं भिंत ईल. तिथनं काढ.”

उभं कुठं राहायचं यावर मी कॉलेजच्या पोरांना व्याख्यान दिलं होतं. बसायचं कुठं, हे मला आई सांगत होती, आणि ते सांगताना तिचा आवाज किती दिवसांनी जरा टवटवीत झाला होता. तिनं मला हेही सांगितलं की नुसती भिंत काढून भागणार नाही, धूळ दिसली पाहिजे. “एखादं पोतं पडलेलं आसंल. आपट जरा.”

ऑफिसातल्या एकाचा साधा कॅमेरा मागून घेतला आणि सुट्टी टाकून परत गेले. थांबायला वेळ नव्हता. तोवर आई दोन वाक्यांमध्ये श्वास घ्यायला थांबू लागली होती. अण्णांनी मागचं दार उघडून दिलं आणि ते बाहेरच बसले. “मी न्हाय येत आत. माझं बी तेच दुखणं हाय.”

मी कोपऱ्याच्या खांबापाशी मांडी घालून बसले. दाराकडं पाठ केली. बसल्यावर ती वखार उरलीच नाही. कमान नाही, कौलातले कवडसे नाहीत, खांबांच्या रांगा नाहीत. हातभर अंतरावर एक तपकिरी भिंत, तिच्यावर मागच्या दारातून आलेला उजेड आणि त्यात माझी सावली. एवढंच. बघण्यासारखं काही नाही, आणि वळून बघायची सोय नाही. अशा जागेची कुणी चित्रासाठी निवड करणार नाही. आईनं तिचं सगळं तरुणपण या जागी, याच भिंतीकडं बघत काढलं होतं. मी तिथं बसून रडले. मग नाक पुसलं आणि पोतं शोधलं.

पोतं आपटलं तशी धूळ उठली. उजेडात तिचा तपकिरी पडदा झाला. मी काढत गेले. परत आपटलं, परत काढले. पहिल्यांदा डोळे चुरचुरले, मग घशात काटे आले, मग शिंका. मग खोकला असा लागला की कॅमेरा हातात ठरेना. तरी मी हट्टानं बसून राहिले. बाहेर आले तेव्हा अण्णांनी तांब्या दिला. माझी चूळ तपकिरी पडली. त्यांनी ती बघितली आणि तांब्या पुन्हा भरून दिला. फोटो मात्र निघाले होते. त्यात धूळ होती, भिंत होती आणि बसलेल्या बाईची सावली होती. कुणालाही कळलं असतं.

आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. दिवस मावळायचा होता. मी बसस्टँडवर ठेवलेली स्कूटर घेऊन आले, ती लावून आत शिरले आणि कॅमेरा काढायला पिशवी उघडू लागले. तिला तेवढा धीर नव्हता, पण तिला फोटोही नको होता. तिनं माझी ओढणी धरली आणि नाकाला लावली. मी बसमध्ये सगळा रस्ता ती ओढणी अंगाभोवती लपेटून आले होते, पण ती झटकावी, कपडे बदलावेत, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मला तो वास घरचाच होता.

“बरोबर बसलीस,” आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं, ते मी नीट बघितलं. तिनं आणखी एकदा खोल श्वास घेतला आणि तो श्वास परत आलाच नाही. छाती वर गेली आणि तिथंच अडकली. ओठ निळे पडले. मी फळीवरचा पंप आणून तिच्या तोंडात धरला. तिनं तो घेतला, पण औषध आत ओढायला लागणारा दम तिच्यापाशी नव्हता. शेजाऱ्यांची गाडी काढून आम्ही दवाखाना गाठला. तिथून ती घरी आली नाही, हे इथेच सांगून टाकते.

त्यांनी तिला खाटेवर घेतलं, हाताला सुई लावली, तोंडावर मास्क बसवला. थोड्या वेळानं तेच डॉक्टर आले. त्यांनी मशीनकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि माझ्याजवळ येताच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“तुम्ही पण खाता?” त्यांनी मला विचारलं. “घरात एवढा वास. मी अज्जींना सांगितलं होतं.”

मी एरवी भांडले असते. त्या वेळी भांडायला वेळ नव्हता. मी ओढणी त्यांच्यापुढं धरली आणि म्हटलं, “मी वखारीतून आले. ती जिथं बसायची तिथं मी आज दुपारभर बसले होते. हे तिथलं आहे. तिनं फक्त वास घेतला, डॉक्टर.”

त्यांनी ओढणी हातात घेतली. बोटांना लागलेली तपकिरी भुकटी अंगठ्यानं चोळून बघितली. त्यांना एक शिंक आली. मग दुसरी. ते मास्कमागच्या आईच्या चेहऱ्याकडं बघत राहिले.

“यात? यात बसायच्या या?”

“आयुष्यभर.”

ते खाटेच्या कडेला गेले आणि आईच्या तोंडाजवळ वाकले. पहिल्या दिवशी ते तिच्या छातीशी बोलले होते. आता तिच्याशी बोलत होते. “अज्जी,” ते म्हणाले, “तुम्ही तिथं काय काम करत होता? मला सांगा.”

आईनं डोळे उघडले. हा प्रश्न यावा म्हणून तिनं औषध अडवून धरलं होतं. ती सांगू लागली. मास्कच्या आत ओठ हलले, प्लास्टिक धुरकटलं, शब्द आला नाही. मी म्हटलं, “मी सांगते,” तर तिनं माझं मनगट पकडलं. त्या अवस्थेतही तिच्या बोटांत जोर होता. तिला ते स्वतः सांगायचं होतं.

तिनं माझं मनगट सोडलं आणि दोन्ही हात चादरीवरून उचलले. सुई लावलेला आणि बिनसुईचा. तळवे वर, बोटं वाकवलेली, काहीतरी धरल्यासारखी. आणि ती चाळू लागली. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, मध्येच एक हलका झटका. काडी बाजूला पडावी म्हणून तो झटका द्यायचा असतो. डॉक्टर समजून घ्यायचा प्रयत्न करत होते, त्यात खोट नव्हती. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काही बोलले नाही, कारण आईनं मला बोलू नको म्हणून सांगितलं होतं.

“हात हलवू नका, अज्जी, सुई निघेल,” ते हळू आवाजात म्हणाले. “बरं वाटलं की निवांत सांगा.” तिचे हात धरून त्यांनी चादरीवर ठेवले आणि ते पुढच्या खाटेकडं गेले. त्यांची पाठ वळताच आईनं हात पुन्हा उचलले.